नौपाड्यातील सोनोग्राफी केंद्र: मानेतील गाठी, वाढलेली प्लीहा आणि नीट लिहिलेला अहवाल

आमचा धाकटा मुलगा १९ वर्षांचा असून गेली तीन वर्षे तो आमच्या भागातील गोविंदा पथकात तिसऱ्या थरावर उभा राहतो. यंदा जुलैच्या मध्यावर सराव सुरू झाला आणि दहा-बारा दिवसांतच त्याला ताप भरू लागला, घसा इतका सुजला की घोटभर पाणी गिळतानाही तो डोळे मिटून घेई, आणि मानेच्या मागच्या बाजूला तीन-चार गाठी हाताला लागू लागल्या. ठाण्यात पावसाळ्यात ताप म्हटला की प्रथम मलेरिया आणि डेंग्यू यांच्याच तपासण्या होतात. त्या दोन्ही निगेटिव्ह आल्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत केलेल्या रक्ततपासणीचा अहवाल शनिवारी रात्री अकरा वाजता मोबाइलवर आला. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेल्या व ‘ॲटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या, असल्याचे त्यात ठळक अक्षरांत छापले होते, आणि त्याचा अर्थ विचारण्यासाठी रविवारभर फोन करूनही तो कोणी उचलला नाही. मानेत गाठी आणि रक्तात वेगळ्या दिसणाऱ्या पेशी, एवढ्यावरून घरात त्या रात्री कोणाला झोप लागली नाही. सोमवारी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मान व पोट यांची सोनोग्राफी लिहून दिली आणि आम्ही या केंद्रात आलो.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही आणि गोखले रस्त्याच्या बाजूने येणाऱ्यांनी गाडी लावायला जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. वेळ घेताना पोटाच्या सोनोग्राफीसाठी उपाशी यावे लागते हे आम्हाला सांगितले गेले नाही. मुलाने सकाळी चहा-बिस्किटे घेतली होती, म्हणून आम्हाला दुपारी पुन्हा यावे लागले. ताप अंगावर असलेल्या रुग्णाला दोन खेपा पडणे ही लहान गोष्ट नाही, आणि ही चूक केंद्राने सुधारलीच पाहिजे.

तपासणी मात्र ज्या आस्थेने झाली, तिच्यासाठीच मी हे सविस्तर लिहीत आहे. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी मला खोलीबाहेर थांबवले नाही. मानेवर जेल लावून त्यांनी यंत्राचा प्रोब फिरवला आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “ताई, ही बघा गाठ. राजम्याच्या दाण्यासारखी लांबट आहे, आणि मधोमध ही पांढरी रेघ दिसते ना, तिथूनच रक्तवाहिनी आत शिरते.” त्यांनी मोजमाप घेतले: २.१ सेंटिमीटर लांब, ०.८ सेंटिमीटर रुंद. आकार लांबट राहिला आहे, मधली रेघ शाबूत आहे आणि रक्तप्रवाह त्या रेघेतूनच जातो आहे, ही तिन्ही चिन्हे धीर देणारी आहेत, असे त्यांनी सांगितले. गाठी गोलसर झाल्या असत्या, रेघ नाहीशी झाली असती, किंवा क्षयरोगात होतात तशा त्या एकमेकींना चिकटून आत पू धरला असता, तर सुईने पेशी काढून तपासाव्या लागल्या असत्या. जुनी माणसे जिला गंडमाळा म्हणत, ती बहुधा हीच मानेतील गाठींची क्षयबाधा असे.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते, पण ते का येते हे मला त्या दिवशी कळले. शरीरात अशा शेकडो लसिका ग्रंथी आहेत. ऊतींमधून निथळणारा द्रव, म्हणजेच लसिका, बारीक वाहिन्यांतून त्यांच्यात येतो, त्याबरोबर आलेले जंतू तेथे अडवले जातात, आणि त्या जंतूंना ओळखणाऱ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढू लागते. ग्रंथी सुजते ती बहुतेक वेळा या वाढीमुळे, म्हणजे ती आपले काम करीत असते म्हणून.

नंतर मुलाला उजव्या कुशीवर वळवून, श्वास रोखून धरायला सांगून, डाव्या बरगड्यांच्या फटीतून प्लीहा, म्हणजे पाणथरी, पाहिली गेली. पडद्यावर एका टोकाला छोटे अधिकचिन्ह उमटले, तेथून ठिपक्यांची रेघ दुसऱ्या टोकापर्यंत ओढली गेली आणि आकडा आला १४.३ सेंटिमीटर. मोठ्या माणसात ती साधारणपणे १२ सेंटिमीटरपर्यंत असते. ग्रंथी लसिका गाळतात, तर प्लीहा थेट रक्त गाळते. सुमारे १२० दिवस फिरून थकलेल्या तांबड्या पेशी ती मोडीत काढते, रक्तातील एक तृतीयांशाच्या आसपास प्लेटलेट साठवून ठेवते, आणि तिच्या पांढऱ्या गरात ग्रंथींसारख्याच संरक्षक पेशी असतात. म्हणूनच मलेरियात, विषमज्वरात आणि यकृताच्या काही विकारांतही ती वाढते. एरवी बरगड्यांच्या आड सुरक्षित असलेला हा अवयव वाढला की खाली उतरतो आणि नाजूक होतो. मी सरावाचा विषय काढताच बाईंचा हात थांबला. “थरावरून पडला आणि इथे मार लागला, तर प्लीहा फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हे क्वचित होते, पण पहिल्या काही आठवड्यांतच होते,” असे त्यांनी मुलाकडे पाहून सांगितले.

अहवाल दीड तासात मिळाला. त्यात प्रत्येक मोठ्या गाठीची जागा, दोन्ही मापे आणि मधल्या रेघेची स्थिती स्वतंत्रपणे लिहिलेली होती. इतरत्र ‘अनेक गाठी आढळल्या’ एवढ्यावर जे भागवले जाते, तसे येथे नव्हते. निदान करणे आमच्या डॉक्टरांचे काम आहे, असे बाईंनी स्पष्ट सांगितले आणि त्यांच्याशी स्वतः फोनवर बोलल्या. रक्ताच्या पुढील तपासणीत एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग निश्चित झाला. हा विषाणू लाळेतून पसरतो आणि सरावात सगळी मुले एकाच बाटलीला तोंड लावतात. त्या ‘ॲटिपिकल’ पेशी म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी वाढलेल्या मुलाच्याच पेशी होत्या. या आजारात प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, उलट अमॉक्सिसिलिन दिल्यास अंगावर पुरळ उठू शकते, म्हणून विश्रांती, भरपूर पाणी आणि तापाची गोळी एवढेच उपचार झाले.

दोन्ही सोनोग्राफींचे २,६०० रुपये झाले. पाच आठवड्यांनी फेरतपासणीला गेलो, तेव्हा उपाशी येण्याची सूचना आदल्या संध्याकाळी फोनवर मिळाली. बाईंनी जुनी चित्रे शेजारी लावून तुलना केली: प्लीहा ११.८ सेंटिमीटर, मानेतील गाठ १.२ सेंटिमीटर. गाठ पुरती विरायला आणखी काही आठवडे लागतील, ती रोज चाचपून पाहू नका, असे त्यांनी मला बजावले. तोवर दहीहंडी होऊन गेली होती. त्या दिवशी मुलगा खाली, दोर धरणाऱ्यांच्या मागे उभा होता.