म्हाताऱ्या मांजराला गाठ लागली: थांबावं, सुई लावावी की काढूनच टाकावी?

मनीच्या पोटाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. खात होती, उन्हात लोळत होती, गाठ दाबली तरी कुरकुरत नव्हती. ‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ असं घरात ठरलं. चार महिन्यांत वाटाण्याचं लिंबू झालं आणि ते फुटलं. पुढे चिंगी तेरा वर्षांची असताना तिच्या कानामागे गाठ सापडली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो. दोन्ही वाटा मी चालून आले आहे, आणि तुम्ही आता त्या फाट्यावर असाल तर माझं मत आधीच सांगते: काढायची की नाही, हा नंतरचा प्रश्न. गाठ कशाची आहे ते आधी कळू द्या.

त्याही आधी केस बाजूला करून नीट बघा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड हाताला अगदी गाठीसारखी लागते. सडही गाठीसारखे लागतात, आणि ते तर बोक्यालाही असतात.

थांबून पाहणं

कॅन्सरची तपासणी न करता थांबणं योग्य ठरतं ते मोजक्याच वेळी. भांडणात दुसऱ्या मांजराचा दात लागला की वरची जखम मिटते आणि आत पू साठतो. ही गाठ दोन-चार दिवसांत येते, गरम लागते, हात लावू देत नाही, अंगात ताप असतो. तिला पू काढणं आणि औषध लागतं. पण तिच्यामुळे कॅन्सरची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र उपचारानंतर दोन आठवड्यांत ती बसली नाही तर पुन्हा दाखवा.

दुसरी लसीच्या जागेवरची. इंजेक्शननंतर छोटी गुठळी राहते आणि बहुतेक वेळा आपोआप विरते. पण तिथे क्वचित फार चिवट कॅन्सर होतो, म्हणून पशुवैद्यक ३-२-१ हा नियम पाळतात: गाठ लसीनंतर ३ महिने टिकली, २ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा १ महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासायचा. तिन्हींपैकी एक जरी लागू झालं तरी पुरे.

म्हणजे थांबायचं असेल तर तारीख ठरवून थांबा. फूटपट्टी धरून फोटो काढा, कॅलेंडरवर लिहा. ‘बघू’ म्हणून सोडून देणं आम्ही केलं होतं. न दुखणं ही गाठ निरुपद्रवी असल्याची खूणच नव्हे. पू झालेली गाठ ठणकते आणि कॅन्सरची कित्येकदा मुकी असते. कुत्र्यावरूनही अंदाज बांधू नका. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर चरबीच्या निरुपद्रवी गाठी सर्रास असतात. मांजराला त्वचेच्या गाठी कमी होतात, पण झालेली गाठ घातक निघण्याचं प्रमाण कुत्र्यापेक्षा जास्त.

सुईची तपासणी

इंजेक्शनच्याच बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सहसा भूल लागत नाही. चिंगीला टॉवेलमध्ये गुंडाळून मी धरलं आणि दोन मिनिटांत काम झालं. सगळ्या पर्यायांत खर्चही हिचाच कमी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे मला तिघांनी ऐकवलं. त्वचेच्या गाठीत तसं होणं अतिशय विरळ आहे.

चिंगीची गाठ मास्ट पेशींची, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या संरक्षक पेशींची निघाली. मांजराच्या डोक्या-मानेवर अशी एकटी गाठ असेल तर ती बहुधा सौम्य वागते आणि काढली की प्रश्न मिटतो. फक्त ती सारखी चाचपू नका. चोळल्यावर या पेशींतून हिस्टामाइन सुटतं आणि जागा लाल होऊन सुजते.

सुईची मर्यादाही ध्यानात घ्या. काही कॅन्सर पेशी सहज सोडतच नाहीत, लसीच्या जागेवरचा त्यांतलाच. तेव्हा ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा घ्यायचा नाही. तिथे छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात.

थेट काढून टाकणं

एकदाच भूल, एकदाच टाके, विषय संपला, हा विचार मोह घालतो. गाठ लहान आणि सैल असेल तर तो बरोबरही ठरतो. पण लसीच्या जागेवर तो महागात पडतो. त्या कॅन्सरची मुळं दूरवर गेलेली असतात. पहिल्याच शस्त्रक्रियेत सगळ्या बाजूंनी ३ ते ५ सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन काढावं लागतं. नुसती गाठ सोलून काढली तर ती परत येते, आणि दुसऱ्या वेळी काम जास्त अवघड होतं.

सडांजवळची गाठ मात्र वेगळी. मांजराच्या स्तनातल्या गाठींपैकी ८० ते ९० टक्के घातक असतात. इथे सुईच्या निकालासाठी आठवडे घालवण्यापेक्षा छातीचा एक्स-रे काढून कॅन्सर फुप्फुसात गेलेला नाही ना हे बघायचं आणि लवकर शस्त्रक्रिया करायची. बहुधा त्या बाजूची स्तनांची सगळी साखळी काढतात. गाठ २ सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर मांजर बरंच जास्त जगतं. मनीची वाटाण्याएवढी होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. (घरात पिल्लू असेल तर एवढं कराच: सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी घटतो.) पांढऱ्या मांजराच्या कानाच्या कडेला किंवा नाकावर न भरणारी खपली दिसली तरी थांबू नका, तो उन्हाचा कॅन्सर असू शकतो, आणि सुरुवातीला कानाची कड काढून भागतं.

वयाचं काय?

‘या वयात भूल सोसेल का?’ हे विचारायलाच हवं, पण उत्तर वयावरून मिळत नाही. ते मूत्रपिंड, हृदय आणि थायरॉइडच्या तपासणीतून मिळतं. चिंगीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) किंचित वाढलेलं होतं, म्हणून आधी सलाइन दिलं आणि मगच भूल. तिच्या जागी मूत्रपिंडं थकलेलं मांजर असतं आणि गाठ सौम्य निघाली असती, तर मी ती तशीच राहू दिली असती, तेही निर्धास्तपणे.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला जातेय ना, हे स्वतः विचारा. गाठ कोणती होती आणि कडा साफ आल्या का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, हे त्याच अहवालात कळतं. घराजवळ सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत चौकशी करता येते. आणि तोवर घरचे लेप नकोत, मांजर ते चाटतं. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. एका गोळीनं मांजर मरू शकतं.

चिंगीच्या कानामागचे केस आता परत आले आहेत. परवा तिच्या मांडीवर मोहरीएवढं काहीतरी पुन्हा हाताला लागलं. मास्ट पेशींच्या गाठी एकाहून अधिक निघाल्या तर प्लीहाही बघावी लागते, म्हणून शनिवारी सुईबरोबर पोटाची सोनोग्राफीही ठरवली आहे.