स्पीड वाढला, दहा गेले : हलकी पेलेट वापरून बघितली

एअर पिस्तुलाला शिसं नसलेली हलकी पेलेट (म्हणजे छोट्या गोळ्या) घेतली त्याचं कारण स्पीड नाही, आमची लेक. नेरूळला रेंजवर प्रॅक्टिस झाली की खाली उतरून हात न धुता थेट वडापाव, आणि बोटं बघावी तर शिशाने काळी. बायको म्हणाली हिला शिस्त लाव नाहीतर ते शिसं बंद कर. शिस्त काय जमेना, मग शिसं बंद केलं.

पेलेट कथलाची आहेत, ४.५ एमएम, एकेक ०.३४ ग्रॅम म्हणजे सव्वापाच ग्रेन. ब्रँड लिहीत नाही, एका डबीवरून कशाला कोणाला बदनाम करा. रोजची आमची शिशाची, आरडब्ल्यूएस कंपनीची आर टेन, ०.४५ ग्रॅम, ७ ग्रेन. नौपाड्यात एक सोनार मित्र आहे, त्याच्या काट्यावर दोन्हीकडची वीस-वीस मोजली (तो आधी हसला, मग स्वतःच चिमट्याने ठेवायला लागला). वजनाला नवीनवाली अगदी सारखी निघाली, तिथे नाव ठेवायला जागा नाही. पण स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पोकळ कड, कडक, लोड करताना अंगठ्याने जोर द्यावा लागतो, शिशाचं कसं बोट लावलं की बसतं.

रविवारी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवरून मारलं, पुढे क्रोनो (स्पीड मोजायचं यंत्र) लावलेला. आर टेन सरासरी १५२ मीटर सेकंदाला, हलकी १७१. आता एवढं बघून कोणीही म्हणेल वा. पण हिशोब केला तर एनर्जी ५.२ ज्यूलवरून ५ च्या आत आली, म्हणजे स्पीड वाढूनही जोर थोडा कमीच झाला. रेंजवरची पोरं यूट्यूबवर ते अमेरिकन डिफेन्स गोळ्यांचे व्हिडिओ बघतात ना, नाइन एमएमची नेहमीची गोळी ११५ किंवा १२४ ग्रेनची आणि ही तांब्याची हलकी ५०-६० ग्रेनची, स्पीड बघा म्हणून, आणि इकडे येऊन मला तेच ऐकवतात. अरे बाबांनो, नाइन एमएम आपल्याकडे साध्या माणसाला मिळत पण नाही, आणि तिकडेही लोक नुसता स्पीड नाही बघत, जेलीच्या ठोकळ्यात गोळी किती आत जाते आणि झटका कमी पडून पिस्तूल अडकतं का तेही तपासतात. आमचं सिंगल शॉट, अडकायचा प्रश्नच नाही, इथे फक्त ग्रुप बोलतो, म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडले ते.

आणि ग्रुपनेच घात केला. आर टेनचे पाच शॉट ७ एमएममध्ये, एकाच भोकाचं फूल झालेलं. हलक्याचे पाच १९ एमएममध्ये, टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच ११.५ एमएमचं असतं. मला वाटलं बॅरलमध्ये जुनं शिसं बसलंय म्हणून असेल, फेल्टचे बोळे टाकून साफ केलं, चाळीस शॉट मारून सेट होऊ दिलं, तर १३-१४ वर आलं. म्हणजे सुधारलं, पण त्याच बॅरलला ७ जमत असताना १४ कशाला घ्यायचं, तेही जवळजवळ दुप्पट पैसे देऊन.

अजून एक, ही पेलेट उसळतात. एक ट्रॅपच्या (टार्गेटमागच्या पेलेट अडवायच्या पेटीच्या) लोखंडी पत्र्यावरून टक् करून परत आलं आणि माझ्या बुटाजवळ गरगरत थांबलं, चपटंसुद्धा झालं नव्हतं. शिशाचं तिथेच पापड होतं. चष्मा लावल्याशिवाय ही अजिबात मारू नका, घरी तर नाहीच, तसंही घोडबंदरच्या टू बीएचकेत १० मीटर कुठून आणणार, आमचं दारापासून खिडकीपर्यंत साडेसात भरतं.

नवीन शिकणाऱ्या लहान पोरांना ग्रिप, ट्रिगर शिकवायला चालतील, स्कोअर लिहायचा नसेल तर. मॅचला नको.

लेक परत आर टेनवर. पिस्तुलाच्या केसमध्ये कागदी साबणाची डबी टाकलीये, वडापावचे पैसे माझ्याकडे असतात, हात दाखवल्यावर मिळतात.