इंदूरचा हप्ता की मुंबईचा?

आरोग्य विम्याचा हप्ता वयावर ठरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो पत्त्यावरही ठरतो, हे पुष्कळदा एजंटही सांगत नाही. अनेक खासगी कंपन्या शहरांचे झोन पाडतात. मुंबई-ठाणे आणि दिल्ली परिसर सर्वांत महाग झोनमध्ये; इंदूर बहुधा खालच्या झोनमध्ये. बडोदा इंदूरपेक्षा लहान, तरी कित्येक योजनांत ते अहमदाबाद-सुरतेसोबत थेट मुंबईच्या पंक्तीला बसतं. कंपनी लोकसंख्या बघत नाही, त्या भागातून क्लेम किती आणि केवढे येतात ते बघते.

मग इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात राहणाऱ्यानं काय घ्यावं?

खालच्या झोनचा हप्ता कमी, पण त्यात बरेचदा एक अट असते: उपचार वरच्या झोनमध्ये घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा तुमचा. यालाच झोनल को-पे म्हणतात. समजा हा हिस्सा २० टक्के आहे आणि मुंबईत ६ लाखांचं बिल झालं, तर १ लाख २० हजार खिशातून जाणार. हप्त्यात वर्षाला ४ हजार वाचत असतील, तर हा एक फटका ३० वर्षांची बचत खाऊन टाकतो.

सगळे उपचार इंदुरातच घेणार असाल तर स्वस्त झोन ठीक. पण इथल्या मराठी घरांतली मुलं पुण्या-मुंबईला असतात आणि मोठं ऑपरेशन निघालं की ‘आई, इकडेच या’ असा फोन येतोच. अशा घरानं जास्तीचा हप्ता भरून वरचा झोन घ्यावा. त्याहून बरी ती योजना, जिच्यात हप्ता इंदूरचा असूनही झोनल को-पे नसतो. अशा योजना आहेत. माहितीपत्रकावर न जाता पॉलिसीचा मूळ मसुदा मागून वाचा.

आई-वडील इंदूरला आणि तुम्ही पुण्यात, तर त्यांची पॉलिसी वेगळीच काढा. फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीचा, हप्ता सहसा सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर लागतो. आणि पुण्यात राहून इंदूरचा पत्ता देण्याची हुशारी नको, क्लेमच्या वेळी तीच अंगाशी येते.

सत्तरी ओलांडलेल्यांनी सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड काढून ठेवावं. ५ लाखांपर्यंतचं हे संरक्षण देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं, तिथे झोनची भानगड नाही.

जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची (पोर्टिंग) असेल तर त्याचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करा. प्रतीक्षाकाळाची, म्हणजे काही आजारांना सुरुवातीला संरक्षण मिळत नाही त्या काळाची, भरलेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती नव्या कंपनीत धरली जातात.