विपश्यनेची बैठक की जपमाळ? रोज टिकण्याच्या दृष्टीने

रोज ध्यानाला बसायचं मनावर घेतलेल्या माणसापुढे आपल्याकडे हल्ली साधारण तीन वाटा असतात. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून तीच साधना घरी चालू ठेवायची, मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या आवाजाबरोबर बसायचं, किंवा देव्हाऱ्यातली जपमाळ हातात घ्यायची. तिन्ही मी केल्या आहेत आणि आता त्यातली एकच करतो. साधना कोणती श्रेष्ठ, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलतोय ते एवढ्यापुरतंच, की चारचौघांच्या घरात वर्ष उलटल्यावरही काय चालू राहतं.

अ‍ॅपचं आधी उरकतो. सुरुवातीचे काही आठवडे ते खरंच उपयोगी पडतं. मन भरकटलं तर काय करायचं, हे कुणीतरी कानात सांगत असतं. पण त्यासाठी उठल्याउठल्या फोन हातात घ्यावा लागतो, आणि हवं ते बटण दाबेपर्यंत रात्रीचे ग्रुपवरचे मेसेज नजरेखालून गेलेले असतात. शिवाय तो सलग दिवसांचा आकडा. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि माणूस हिरमुसतो. खरं तर एखादा खाडा इतका महागात पडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. बहुतेकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी गोष्ट निवडली होती. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा आकड्याचा धाक कमी आणि सोय जास्त असेल, अशी पद्धत शोधावी असं मला वाटतं.

विपश्यनेबद्दल मला मनापासून आदर आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र चालू आहे. शिबिराला शुल्क नसतं. पूर्ण केलेल्यांनी इच्छेनुसार दान द्यायचं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन म्हणजे इतर साधकांशी अजिबात न बोलणं, पहिले तीन दिवस आनापान म्हणजे नुसता येता-जाता श्वास बघणं, आणि चौथ्या दिवशी विपश्यना म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं, हे ऐकून बहुतेकांना माहीत असतं. ऐकून कळत नाही ते हे, की तिसऱ्या दिवसापर्यंत नाकाखालच्या चिमूटभर जागेत श्वासाचा गारवा आणि ऊब वेगवेगळी जाणवायला लागते. राग यायच्या आधी छातीत काय होतं, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. एवढं खोल मला जपमाळेने अजून नेलेलं नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावं, अशी शिबिरातून निघताना सूचना असते. चौथ्या दिवसानंतर रोज तीनदा अधिष्ठानाचा तास असतो: हात, पाय, डोळे न उघडता बसायचं. मनात बैठकीचं माप तेच बसतं. आणि घर त्या मापाचं नसतं.

आमच्याकडे पाणी सहाला येतं. त्यामागोमाग दूधवाला, मग कचरेवाल्या मावशींची बेल, त्यात वडिलांची हाक. यातलं काहीच टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण तासाच्या चाळिसाव्या मिनिटाला उठावं लागलं की ती बैठक मोडते. परत येऊन बसलो तर उरलेली वीस मिनिटं धरायची, की सुरुवातीपासून तास लावायचा? नियमात याला उत्तर नाही, कारण शिबिरात दाराची बेल वाजत नाही. बैठक मोडल्याचा सल दिवसभर राहायचा, दुसऱ्या दिवशी ‘आज नक्की पूर्ण तास मिळेल तेव्हाच बसू’ असं व्हायचं, आणि तसा तास मिळायचा नाही. माझी साधना आळसाने सुटली नाही. या एका व्यत्ययाने ती दर महिन्याला थोडी थोडी झिजली. त्रास म्हणाल तर एवढाच, पण माझा निर्णय त्यानेच केला.

जपमाळ व्यत्यय पोटात घेते. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात मणी असतो. बेल वाजली की तो मणी तसाच चिमटीत धरून डाव्या हाताने दार उघडायचं, दुधाची पिशवी घ्यायची, आणि पुन्हा आसनावर येऊन पुढच्या मण्यापासून चालू. दोन्ही हात लागणार असतील, तर मी त्या मण्याशेजारी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून माळ खुंटीला अडकवतो. अर्ध्या तासाने आलो तरी माळ जिथे होती तिथेच असते. काही मोडलेलं नसतं, त्यामुळे सलही राहत नाही.

मापही लहान आहे. गोंदवलेकर महाराजांचा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र घाई न करता म्हटला, तर १०८ मण्यांना पाच-सहा मिनिटं लागतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट यायचं. ती फिरवताना आपोआप एक श्वास मोठा घेतला जातो, आणि दुसरी माळ करायची की उठायचं ते तिथेच ठरवता येतं. वाईट दिवशी एक माळ होते, सुट्टीच्या दिवशी पाच होतात. दोन्ही दिवस ‘झाली’ यातच जमा.

यावरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे: बोटं चालतात आणि मन बाजारात असतं. माझंही होतं. पण लक्ष लागलं तरच नाम घ्यायचं, अशी अट गोंदवल्याच्या परंपरेत नाही. नाम घेत राहावं, लक्ष त्याच्या मागून येतं, असं तिथे सांगतात. माझा अनुभव बराचसा त्याच बाजूचा आहे. पुटपुटत केलेल्या जपात मन कमी निसटतं, मनातल्या मनात केला की जास्त. म्हणून सकाळी ओठ हलवतच करतो. बोटात घालायचे बटणाचे काउंटर मात्र मला रुचले नाहीत. त्यात आकडा दिसतो आणि मग आकड्याचीच ओढ लागते.

‘मग दोन्ही करू का?’ असं बरेच जण विचारतात. शिबिरात जप, माळ, पूजा काही दिवस पूर्ण थांबवायला सांगतात, आणि नंतरही विपश्यनेत दुसरी पद्धत मिसळू नये असाच आग्रह असतो. त्यामागचं कारण मला पटतं. त्यामुळे हा निर्णय टाळता येत नाही, एक काहीतरी धरावं लागतं.

ज्यांच्या घरात सकाळचा सलग तास खरोखर मोकळा आहे, किंवा जवळ शिबिर केलेल्या जुन्या साधकांची सामूहिक साधना होते, त्यांनी विपश्यनाच करावी. चार माणसं शेजारी बसलेली असली की तास निभतो. देवाधर्माशी ज्यांचं जमत नाही, त्यांचीही तीच वाट, किंवा मंत्राऐवजी एका श्वासाला एक मणी. माझा एक मित्र तसं करतो आणि त्याचं छान चाललंय. पण घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल, शिफ्टची नोकरी असेल, तर माझं मत माळेच्या बाजूने पडेल.

माळ घेताना तुळशीची किंवा रुद्राक्षाची, जी हाताला बरी वाटेल ती घ्या. फक्त दर दोन मण्यांमध्ये गाठ आहे ना, एवढं दुकानातच बोट फिरवून बघा. बिनगाठीच्या माळेत मणी सरकतात, आणि दार उघडून आल्यावर आपण नेमके कुठे होतो ते कळत नाही.