अमेरिकेतला नॅशनल पार्कचा वर्षाचा पास: २२ दिवस, बाबांची वही आणि पास कुठे कुठे चालत नाही

सरळ सांगते, पास घ्या. तीन-चार नॅशनल पार्क बघणार असाल तर जास्त विचारच करू नका. पण "पास आहे ना, मग झालं" असं म्हणून निघालात तर आमच्यासारखं गेटवरून परत फिरावं लागेल, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला, अमेरिका द ब्युटिफुल नावाचा वर्षाचा पास, तेव्हा ८० डॉलर. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्यांसाठी २५० डॉलरचा वेगळा पास काढलाय, त्यामुळे भारतातून कुणी येणार असेल तर आधी नॅशनल पार्कच्या साइटवर नियम वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. आमच्या वेळी हिशोब सोपा होता, एक पास म्हणजे एक गाडी आणि आत बसलेले सगळे. मी, नवरा, आई, बाबा. सॉल्ट लेक सिटीहून निघून गोल फिरून परत तिथेच.

बाबांनी पहिल्याच दिवशी वही काढली. प्रत्येक गेटवर गाडीचं तिकीट किती लिहिलंय ते बघायचं आणि "वाचले" म्हणून मांडायचं. गोल्डन स्पाइक २०, ग्रँड टीटन ३५, यलोस्टोन ३५, म्हणजे तिसऱ्याच गेटवर ८० वसूल! पुढे डेव्हिल्स टॉवर २५, बॅडलँड्स ३०, मेसा व्हर्दे ३०, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस प्रत्येकी ३५, आर्चेस ३०. एकूण ३१०. हे झालं पासचं कौतुक, याच्यावर वाद नाही.

खरं सांगायचं तर पास नसता तर गोल्डन स्पाइकला आम्ही गेलोच नसतो. यलोस्टोनच्या रस्त्यावरून वाट वाकडी करायची आणि वर २० डॉलर, कोण जातंय. पण बाबांची अख्खी नोकरी रेल्वेत गेली, त्यांनी नाव ऐकूनच ठरवून टाकलेलं. अमेरिका आरपार जाणाऱ्या पहिल्या रेल्वेचे पूर्वेकडून आलेले आणि पश्चिमेकडून आलेले रूळ १० मे १८६९ ला इथे जोडले, शेवटी सोन्याचा खिळा (तोच गोल्डन स्पाइक) लावून. गंमत म्हणजे तो सोन्याचा खिळा इथे नाहीच, तो स्टॅनफर्डच्या म्युझियममध्ये, आणि मूळ रूळ १९४२ मध्ये महायुद्धासाठी लोखंड हवं म्हणून उखडले. आता दिसतात ते रूळ नंतरचे आणि त्या दिवशी समोरासमोर आलेली दोन इंजिनं म्हणजे हुबेहूब बनवलेली नक्कल. मला वाटलं बाबा चिडणार, तर ते इंजिनाच्या चाकापाशी वाकून तासभर रेंजरशी (पार्कच्या कर्मचाऱ्याशी) बोलत बसले, त्यांचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी दोन्ही एकमेकांना अर्धवट कळत होतं पण ब्रेकवर दोघांचं एकमत झालं. अख्ख्या ट्रिपमध्ये बाबांना सगळ्यात आवडलेली जागा हीच. यलोस्टोन दोन नंबरला, आणि ते १८७२ चं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क वगैरे मी किती सांगितलं तरी फरक नाही.

यलोस्टोनबद्दल सगळे लिहितात म्हणून मी एवढंच म्हणते, बायसन, म्हणजे तिकडचे गवे, रस्त्यात उभे राहिले की ते हलेपर्यंत तुम्ही हलत नाही, तेवढा वेळ प्लॅनमध्ये धरा. आणि २५ यार्ड लांब राहा, अस्वल-लांडग्यांपासून १००. फोटोसाठी जवळ जाणारे बघून आईच ओरडत होती, मराठीत.

आता कुठे चालत नाही ते. माउंट रशमोरला एंट्री फुकट पण पार्किंगचे १० डॉलर द्यावेच लागतात, पास दाखवून उपयोग नाही. हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज शहराचं, तिथेही १०. मॉन्युमेंट व्हॅली नव्हाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची, माणशी ८, आम्ही चौघं म्हणजे ३२. अँटिलोप कॅन्यनही त्यांच्याच जमिनीवर, गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. आणि हे बरोबरच आहे, जमीन त्यांची आहे, पण बाबांना पटवता पटवता नाकी नऊ आले आणि हे खर्च वहीत काही गेले नाहीत. स्टेट पार्कलाही पास चालत नाही.

त्याच भागात घड्याळाचा घोळ आहे तो वेगळाच. उन्हाळ्यात नव्हाहो भागात घड्याळ एक तास पुढे करतात, बाकी ॲरिझोनात करत नाहीत, म्हणून मॉन्युमेंट व्हॅलीहून पेजला आलो तर फोनने एक तास परत दिला आणि आम्ही अँटिलोपच्या बुकिंगच्या आधी तासभर पार्किंगमध्ये शेंगदाणे खात बसलो. उलट दिशेने गेलात तर तोच तास हातातून जाईल, लक्षात ठेवा.

आणि मुख्य फजिती आर्चेसला. सकाळी दहाला गेटवर पोचलो, पास हातात, चेहऱ्यावर शान. रेंजरने विचारलं रिझर्वेशन? आम्ही म्हटलं पास. तो म्हणाला हो, पण रिझर्वेशन? तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ७ ते ४ आत जायला वेळ आधी बुक करावी लागायची, बुकिंगचे फक्त २ डॉलर, पण ते केलेलं नसेल तर पासचा उपयोग शून्य. हे बुकिंगचं काम नवऱ्याकडे होतं, असं मी म्हणते, तो म्हणतो माझ्याकडे होतं. चारनंतर आत गेलो. झायनलाही एंजल्स लँडिंग नावाचा कडा चढायचा तर लॉटरीत परमिट काढावं लागतं. मेसा व्हर्देला कड्याच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वीची घरं आहेत, ती वरून बघायला पास पुरतो, पण त्या घरांत उतरायचं तर रेंजरच्या टूरचं माणशी ८ डॉलरचं तिकीट वेगळं. बाबांचे गुडघे म्हणून ते वर थांबले, आई ओढणी खोचून लाकडी शिडी चढली, मी खालून जीव मुठीत धरून बघत होते.

थोडक्यात पासने गेटचे पैसे सुटतात, जागा मिळत नाही. घरून निघायच्या आधी प्रत्येक पार्कच्या नावापुढे "बुकिंग लागतं का" एवढं तपासा. पासवर सही आणि सोबत फोटो आयडी लागतो, आमच्या पासमागे दोन सह्यांना जागा होती, तुमच्याही असेल तर दोघांनी करा, नाहीतर ज्याची सही आहे तो मागे घोरत असेल तर गेटवर उठवावं लागतं. हरवला तर दुसरा देत नाहीत, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका. भाड्याच्या गाडीत तर नाहीच, आमचा गाडी परत करताना सीटखाली सापडला.

अजून एक, महिन्याच्या सुरुवातीला घ्या. ज्या महिन्यात घेतला तो पूर्ण महिना पुढच्या वर्षी धरतात, आमचा २ सप्टेंबरला घेतलेला ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालला. मधे मे महिन्यात आम्ही दोघंच योसेमिटीला जाऊन आलो. रात्री घरी फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, "तिथलं तिकीट किती होतं?" म्हटलं ३५. "थांब, वही आणतो."