बॅकयार्ड वर्ल्ड्स : प्लॅनेट नाइन – काही महिने वापरल्यानंतर

दुर्बिणीच्या चित्रांत सूर्याचे अंधुक शेजारी शोधायचा हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. आधी निकाल सांगतो. झटपट काहीतरी गवसेल या आशेने येणार असाल तर येऊ नका. एकाच चित्राकडे टक लावून बसायला आवडत असेल, तर मात्र हे सुटता सुटत नाही.

झूनिव्हर्स या लोकविज्ञानाच्या संकेतस्थळावरचा हा प्रकल्प फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झाला. नावातला नववा ग्रह (नेपच्यूनपलीकडे असावा असा नुसता अंदाज आहे) अजून कुणाला दिसलेला नाही; हाती लागले ते तपकिरी बटू. ग्रह म्हणावं तर जड, तारा म्हणावं तर पोटातला हायड्रोजन टिकून पेटत नाही. जन्मापासून नुसते निवत जातात. साध्या प्रकाशात फार अंधुक, म्हणून नासाच्या वाइज दुर्बिणीची अवरक्त चित्रं वापरतात.

काम सोपं वाटतं. आकाशाच्या एकाच तुकड्याची निरनिराळ्या वर्षांतली चित्रं एकामागून एक फिरत राहतात, त्यात सरकणारा ठिपका शोधायचा. लांबचे तारे जागचे हलत नाहीत, जवळचा हलतो. वेगवान असेल तर उडी मारतो. संथ असेल तर पांढऱ्या डागाला चिकटून काळा डाग दिसतो. त्याला तिथे ‘डायपोल’ म्हणतात. वैताग आणतात ते प्रखर ताऱ्यांचे काटे आणि दुर्बिणीतली भुतं (आतल्या परावर्तनाने उमटणारे खोटे ठिपके). तेही लुकलुकतात, आणि इथेच संगणकही फसतो, म्हणून तर माणसं लागतात.

खरी मजा ‘वाइजव्ह्यू’मध्ये आहे (हे साधन एका स्वयंसेवकानेच लिहिलंय). विषुवांश-क्रांती (आकाशातल्या जागेचे आकडे) टाकली की त्या जागेची फिरती चित्रं रंगांत दिसतात. 3.4 आणि 4.6 मायक्रॉन अशा दोन तरंगलांबींपैकी फार थंड वस्तू दुसरीत जास्त उजळते, त्यामुळे ठिपका नारिंगी होतो. सरकणारा नारिंगी ठिपका दिसला की झोप उडते. मग सिंबाड या खगोलीय वस्तूंच्या नोंदसंग्रहात शोधायचं; बहुतेक वेळा कुणीतरी आधीच नोंदवलेला असतो. चालायचंच.

माझा जीव अडकलाय तो जोडीदारांत. एकट्या तपकिरी बटूची पंचाईत अशी, की तो लहान वयाचा आणि हलका आहे की म्हातारा आणि जड, हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. पण तो एखाद्या ताऱ्याबरोबर त्याच दिशेने, त्याच वेगाने जात असेल, तर दोघं एकत्रच जन्मले असं धरता येतं आणि ताऱ्याचं वय व घडण त्यालाही लागू होते. म्हणून नारिंगी ठिपका दिसला की मी आता आजूबाजूच्या ताऱ्यांचं सरकणंही गाया या युरोपीय दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत तपासतो. रॉस 19 या लाल बटूचा (लहान, मंद ताऱ्याचा) जोडीदार असाच एका स्वयंसेवकाला सापडला. दोघांतलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळपास 10,000 पट! एवढ्या लांबचा ठिपका त्या ताऱ्याचा असेल असं सहज कुणाच्या मनातही येणार नाही. 2024 मध्ये अशा 89 नव्या थंड जोडीदारांचा शोधनिबंध आला. या प्रकल्पाच्या निबंधांत शोधणाऱ्या स्वयंसेवकांची नावं लेखकांमध्ये असतात, हे मला फार आवडलं.

मोबाइलवर करू नका. छोट्या पडद्यावर डायपोल आणि कचरा यांत फरकच कळत नाही. लॅपटॉप घ्या, खोलीतला दिवा मंद करा, अर्ध्या तासाने उठा. ठिपके वेचायचा कंटाळा असेल तर 2023 पासूनचं भावंड ‘कूल नेबर्स’ बघा. तिथे संगणकाने आधीच चाळलेले उमेदवार समोर येतात. मला स्वतःला जुनंच बरं वाटतं. वाइज दुर्बीण 2024 मध्ये बंद झाली, पण तिची चित्रं अजून संपायची आहेत.