घरचा सर्व्हर नागपूरच्या उन्हाळ्यात: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

फोटो आणि सिनेमे घरातच, कायम चालू राहणाऱ्या मशीनवर म्हणजे सर्व्हरवर ठेवायचे म्हणून गेल्या ऑक्टोबरात बर्डीच्या बाजारातून, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक जुना मिनी पीसी घेतला. सहाव्या पिढीचा आय5 प्रोसेसर, 16 जीबी रॅम. त्याला यूएसबी केसमधली 4 टीबीची हार्ड डिस्क जोडली. वर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि त्यात प्रोग्राम वेगवेगळे चालवणारं डॉकर; घरच्या फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन हे प्रोग्राम. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 ला बंद झाली आणि आमच्या घरात चौघांचे फुकटचे 15-15 जीबी केव्हाच भरले होते. मीटर लावून पाहिलं तर सरासरी 18 वॅट, म्हणजे महिन्याला 13 युनिट. तेवढं परवडतं.

सॉफ्टवेअरने फार त्रास दिला नाही. खरी कसोटी लागली ती मशीन ठेवायचं कुठे यावर.

मार्चमध्ये हॉलमध्ये कूलर लागला, तेव्हा मशीन त्याच्या वाऱ्यात ठेवलं. डिस्कचं तापमान 38 वर आलं, मी खूश. एप्रिलच्या शेवटी झाकण उघडलं तर केसच्या स्क्रूंवर तांबूस गंज आणि पंख्याच्या पात्यांवर ओल्या धुळीचा चिकट थर. कूलरचा वारा थंड असतो, पण ओला असतो. माणसाला चालतो, मशीनला नाही. कूलर लावलेल्या खोलीत सर्व्हर ठेवूच नका. मी तो उत्तरेकडच्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात हलवला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डिस्क तिथे 53 वर गेली. मग 120 मिलिमीटरचा साधा यूएसबी पंखा थेट डिस्ककडे तोंड करून लावला, तर 45 वर थांबली. बहुतेक डिस्कवर कंपनी 60 ची मर्यादा लिहिते. मी 50 लाच सावध होतो.

उन्हाळ्यात संध्याकाळी वादळ आलं की वीज गेलीच. युपीएस आहे, पण त्याला यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे वीज गेल्याचं मशीनला कळत नाही. उपाय असा केला: एक जुना राउटर युपीएसवर न घेता थेट भिंतीच्या प्लगवर लावला. वीज गेली की तो बंद पडतो. मशीन त्याला सतत पिंग करतं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' विचारतं; पाच मिनिटं उत्तर आलं नाही की एक छोटी स्क्रिप्ट मशीन नीट बंद करते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय आहे, पण युपीएस पूर्ण उतरला नाही तर मशीनची वीज तुटतच नाही आणि ती कामी येत नाही. मग आई बटण दाबते.

घराबाहेरून वापरायचं असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांसाठी थेट वाट उघडण्यावर, वेळ घालवून उपयोग नाही. आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल टाका, माझं दहा मिनिटांत झालं आणि इंटरनेटवर एकही पोर्ट उघडावा लागला नाही.

आता जे सांगताना अजून वाईट वाटतं ते. जूनच्या पहिल्या आठवड्यात डिस्क गेली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टच्या अहवालात पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत होते, पण मी इशारा येण्याची सोयच केली नव्हती. अमरावतीला भावाकडे ठेवलेल्या डिस्कवर रोज रात्री रेस्टिक या प्रोग्रामने बॅकअप जात होता, म्हणून निर्धास्त होतो. फोटो सगळे परत आलेसुद्धा. पण मी बॅकअपमध्ये फक्त फोटोंचं फोल्डर घेतलं होतं. इमिचमधले अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं डेटाबेसमध्ये असतात, आणि तो त्याच डिस्कवर होता. आईने हिवाळाभर दुपारी बसून जुन्या स्कॅन केलेल्या फोटोंतल्या माणसांना नावं दिली होती. तिच्या काकवा, माहेरचे शेजारी, आजोबांचे मित्र. यातल्या कित्येकांची नावं घरात आता फक्त तिलाच ठाऊक आहेत. मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फोटो आहेत ना?"

आता डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, रोज बॅकअपमध्ये जातो. स्मार्टमध्ये काही बिघडलं तर फोनवर मेल येतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅकअप जुन्या लॅपटॉपवर पूर्ण उतरवून, इमिच चालू करून, अल्बम उघडून बघतो. तुम्हीही पहिल्या महिन्यातच हे करा, नुसती बॅकअपची हिरवी खूण पाहून थांबू नका.

आईने नावं पुन्हा द्यायला घेतली आहेत. काल ती वर्ध्याच्या आत्यापर्यंत पोचली होती.